पुढची शिडं आधी ठरवा, तारा नंतर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. बोट ३८ फुटी स्लूप आहे, म्हणजे एक डोलकाठी आणि पुढे एकच शीड. फोरस्टे, म्हणजे नाळेकडून (बोटीच्या पुढच्या टोकाकडून) काठीला धरणारी तार, डोलकाठीच्या अगदी टोकाला आहे. बोटीवर तुम्ही दोघंच, आणि आता आठवडा-दोन आठवड्यांचे पल्ले मारायचे आहेत. फर्लरवर, म्हणजे फोरस्टेभोवती शीड गुंडाळणाऱ्या यंत्रणेवर, १५० टक्क्यांचा जुना जिनोआ (डोलकाठीच्या मागेपर्यंत येणारं मोठं पुढचं शीड) आहे. तारा बदलायची वेळ आलीच आहे, तर त्याच फेऱ्यात आतला स्टे, म्हणजे फोरस्टेच्या मागे आणखी एक तार, बसवावा का? बसवायचा तर कटरसारखा की सोलेंट? तार किती मिलिमीटरची घ्यावी, आणि स्टीलऐवजी डायनिमा (मजबूत कृत्रिम धाग्यांचा दोर) चालेल का?

तुम्ही तारेच्या जाडीपासून सुरुवात केली आहे. रिगिंगच्या, म्हणजे डोलकाठीच्या तारा-दोरांच्या, कामात माझी बरीच वर्षं गेली, आणि बहुतेक मालक तिथूनच सुरुवात करतात. मी तुम्हाला उलट्या टोकाने विचार करायला सांगेन. रात्रीचे दोन वाजलेत, एक जण झोपलाय, वारा वीस नॉटवरून तीसवर गेलाय आणि अजून वाढतोय. सुकाणूवर असलेल्या एकट्या माणसाने अशा वेळी काय करायचं? कुठला दोर सोडायचा, कुठला ओढायचा, पुढच्या डेकवर जावं लागणार का? याचं उत्तर मिळालं की शिडं ठरतात. शिडांवरून स्टे कुठे हवेत ते ठरतं, स्टेवरून डेकखाली काय मजबूत करायचं ते. तारेची जाडी सगळ्यात शेवटी, जवळजवळ आपोआप येते.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण शिडं निवडताना विसरलं जातं. १५ नॉटचा वारा २१ झाला की शिडावरचा जोर दुप्पट होतो. १० चा ३० झाला की नऊपट. आता तुमच्या बोटीएवढ्या बोटीचे आकडे धरू. फोरस्टे, डोलकाठी आणि डेक यांच्यामधल्या पुढच्या त्रिकोणाची उंची १४ मीटर आणि पाया, म्हणजे फोरस्टेच्या बुडापासून डोलकाठीपर्यंतचं अंतर, ४.३ मीटर. त्रिकोणाचं क्षेत्रफळ झालं साधारण ३० चौरस मीटर. तुमचा १५० टक्क्यांचा जिनोआ म्हणजे त्याच्या साधारण दीडपट, सुमारे ४५ चौरस मीटर. समुद्री शर्यतींच्या नियमांत वादळी जीबची (जीब म्हणजे लहान पुढचं शीड) कमाल मर्यादा या त्रिकोणाच्या उंचीच्या वर्गाच्या ५ टक्के आहे. म्हणजे १४ गुणिले १४, त्याचे ५ टक्के, ९.८ चौरस मीटर. जोराच्या वाऱ्याची जी जीब असते तिची मर्यादा १३.५ टक्के, म्हणजे साडेसव्वीस. तुम्ही शर्यतीला जाणार नाही, पण हे आकडे वादळात सापडलेल्या लोकांच्या अनुभवातून आलेले आहेत, आणि मापदंड म्हणून मी ते कायम वापरतो.

४५ पासून १० पर्यंतचा हा पल्ला एकाच गुंडाळत्या शिडाने गाठता येत नाही. फर्लर विकणारा काहीही सांगो. शीड गुंडाळायला लागलं की वरची आणि खालची टोकं आधी घट्ट गुंडाळली जातात आणि मधला फुगवटा तसाच राहतो. तो मागे सरकतो. जेव्हा शीड पाटीसारखं सपाट हवं असतं, नेमकं तेव्हाच ते पोत्यासारखं होतं. बोट पुढे जाण्याऐवजी कलते, सुकाणू जड होतं, आणि आपल्याला वाटतं अजून गुंडाळायला हवं. लफच्या, म्हणजे शिडाच्या स्टेकडच्या, काठाला फोमची पट्टी शिवून घेतली तर हा फुगवटा बऱ्यापैकी खाल्ला जातो, आणि ती जरूर शिवून घ्या. तरीही क्षेत्रफळाच्या तीसेक टक्क्यांपेक्षा जास्त गुंडाळून वाऱ्यावर चढता (वारा येतो त्या दिशेकडे तिरकं जाता) येईल अशी अपेक्षा ठेवू नका. वाऱ्यामागे पळताना गुंडाळलेलं शीड कितीही बेढब असलं तरी चालतं. प्रश्न येतो तो किनारा वाऱ्याखाली असतो आणि त्यापासून लांब चढून जायचं असतं तेव्हा.

म्हणून माझा सल्ला असा: फर्लरवर लहान शीड लावा आणि त्याच्या मागे, आतल्या स्टेवर, त्याहून लहान. मंद वाऱ्यासाठी मोठं, हलकं शीड वेगळं ठेवा, ते स्वतःच्या दोरावर गुंडाळलं जाणारं.

फर्लरवरचं शीड किती लहान? इथे तुमची बोट कोणत्या काळातली आहे ते बघावं लागेल. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात आयओआर या शर्यतीच्या नियमामुळे मोठा जिनोआ आणि चिंचोळं मेनसेल (डोलकाठीमागचं मुख्य शीड) अशी बोटींची ठेवण झाली. शर्यतीशी काडीचा संबंध नसलेल्या कौटुंबिक बोटीही त्याच साच्यात निघाल्या. अशी बोट असेल तर ती पुढच्या शिडाच्याच जोरावर चालते. तिला ११० टक्क्यांची जीब लावली तर १० नॉटात ती रेंगाळेल आणि लाटांत थबकेल. तिच्यासाठी मी १२५ ते १३० टक्के घेईन. मेनसेल भरदार असलेली, त्यानंतरची रचना असेल तर ११० ते ११५ पुरेत. एके काळी मी १३५ टक्क्यांच्या जिनोआचा कट्टर पुरस्कर्ता होतो. मत बदललं ते दोन माणसांच्या बोटींवर काम करायला लागल्यावर. श्राउडांना (काठीला बाजूंनी धरणाऱ्या तारांना) घासत, डोलकाठीवरून ओढत पलीकडे न्यावं लागणारं शीड दर टॅकला, म्हणजे वारा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर घेताना, माणसाला दमवतं, आणि दमलेला माणूस टॅक करायचं टाळतो. टॅक टाळायला लागलात की मार्ग बोट ठरवते, तुम्ही नाही.

आकार ठरला की शिवणाऱ्याला सांगा की क्लू, म्हणजे शिडाचा मागचा खालचा कोपरा, उंच ठेव. उंच क्लूचे फायदे मला फार मोलाचे वाटतात. शिडाखालून पुढचं दिसतं, नाळेवरून आलेली लाट शिडाच्या पोटात भरत नाही, आणि शीड गुंडाळत गेलं तरी शीटचा (शीड ओढून धरणाऱ्या दोराचा) कोन कमी बदलतो. थोडं क्षेत्रफळ जातं, ते जाऊ द्या.

आता आतला स्टे. तुमच्या प्रश्नातला खरा गाभा हाच आहे.

सोलेंट स्टे फोरस्टेच्या जरासाच खाली डोलकाठीला मिळतो आणि डेकवरही त्याच्या जरासा मागे. डोलकाठीच्या टोकाजवळ असल्यामुळे त्याचा ताण काठीला मागून धरणारा बॅकस्टे सांभाळतो, मागच्या वेगळ्या आधाराची गरज पडत नाही. बसवायला सोपा, खर्च कमी. तोटे दोन. दोन स्टेंच्या मधली फट इतकी अरुंद असते की मोठं शीड तिच्यातून पलीकडे जात नाही. टॅक करताना ते गुंडाळावं लागतं, किंवा सोलेंट काढून श्राउडांपाशी बांधून ठेवावा लागतो. दुसरा तोटा कमी लोकांच्या लक्षात येतो. दोन्ही तारा जवळजवळ एकाच जागी वर मिळतात, त्यामुळे बॅकस्टेचा ताण त्या वाटून घेतात. सोलेंट ताणला की फोरस्टे ढिला, फोरस्टे ताणला की सोलेंट ढिला. दोन्ही एका वेळी नीट ताणलेले कधीच मिळत नाहीत. हे मान्य असेल तर व्यवस्था उत्तम आहे, कारण एका वेळी एकाच स्टेवर वाऱ्यावर चढायचं असतं.

कटरचा आतला स्टे डोलकाठीच्या सुमारे सत्तर-पंच्याहत्तर टक्के उंचीवर मिळतो आणि डेकवर नाळेपासून पायाच्या पाव ते एक तृतीयांश अंतर मागे येतो. या जागेचा फायदा वादळात कळतो. शीड लहान होतंच, शिवाय ते खाली आणि मागे, बोटीच्या मध्याकडे येतं. तीन रीफ घेतलेलं (तीन टप्पे आखूड केलेलं) मेनसेल आणि स्टेसेल (आतल्या स्टेवरचं शीड) ही जोडी डोलकाठीला चिकटून उभी राहते आणि सुकाणू हलकं राहतं. माणूसही नाळेच्या टोकावर न जाता दोन पावलं मागे, जरा कमी उसळणाऱ्या जागी काम करतो. या शेवटच्या मुद्द्याला मी सगळ्यात जास्त वजन देतो. ज्याने पुढच्या डेकवर गुडघे टेकून, दोन्ही हातांनी शीड दाबून धरत लाट अंगावर घेतली आहे, त्याला दीड मीटरचा फरक सांगावा लागत नाही.

किंमत मात्र मोजावी लागते. हा स्टे डोलकाठीला मधोमध पुढे ओढतो. त्या ओढीला मागून उत्तर हवं. श्राउड पुरेसे मागे जात असतील तर थोडंफार उत्तर तेच देतात, पण लांबच्या पल्ल्याच्या बोटीवर मी रनिंग बॅकस्टेशिवाय, म्हणजे काठीला मागून धरणाऱ्या, लावता-काढता येणाऱ्या जोडीशिवाय (थोडक्यात रनर), हा स्टे बसवत नाही. आधार नसला तर लाटांत डोलकाठी मधून पुढे-मागे धडधडते, त्याला आम्ही पंपिंग म्हणतो. ॲल्युमिनियमची काठी एका फटक्यात क्वचितच मोडते. अशा हजारो लहान धक्क्यांनी थकून मोडते. साध्या हवेत दोन्ही रनर पुढे आणून श्राउडांपाशी बांधून ठेवा. वारा पंचविसाच्या वर आणि स्टेसेल चढवलेलं असेल तेव्हाच ते लावायचे. डायनिमाचे केले तर हाताळायला हलके आणि शिडाला मऊ.

तुमच्यासाठी माझा कौल काढता येणाऱ्या कटर स्टेला आहे, रनरसकट. पण एका अटीवर: डेकखाली ताण पोचवायला जागा असली पाहिजे. ती नसेल आणि करून घेता येत नसेल तर सोलेंट घ्या आणि समाधानाने वापरा. तोही लहान जीबसाठी स्वतंत्र, चांगला स्टे आहेच.

या अटीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे मी स्वतः एकदा चुकलोय. एका बोटीवर आतल्या स्टेचा पॅडआय (स्टे अडकवायची कडी) मी डेकवर बसवला. खाली जाड प्लेट घातली, सहा बोल्ट मारले, सगळं भक्कम दिसत होतं. पहिल्याच जोराच्या वाऱ्यात पुढच्या केबिनचं दार बंद होईना. आम्ही लाकूड फुगलं असेल म्हणून सोडून दिलं. स्टे ढिला केल्यावर दार पुन्हा नीट लागलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: अख्खा डेक वर उचलला जात होता आणि दाराची चौकट त्याच्याबरोबर तिरकी होत होती. फायबरचा डेक वरून पडणारं वजन पेलायला केलेला असतो, खालून वर ओढणारी टनभर ओढ त्याच्यासाठी परकी. प्लेट कितीही जाड घ्या, ती ओढ शेवटी बोटीच्या अंगात गेली पाहिजे. बरोबर खाली बल्कहेड असेल, उदाहरणार्थ नांगराच्या साखळीच्या कप्प्याची मागची भिंत, आणि ती दोन्ही बाजूंनी बोटीच्या अंगाला पक्की लॅमिनेट केलेली असेल, तर चेनप्लेट (तार बोटीला जोडणारी धातूची पट्टी) डेकमधून आरपार खाली नेऊन तिच्यावर बोल्ट करा. नसेल तर पॅडआयच्या खालून एक रॉड किंवा तार नाळेच्या आतल्या भागात लॅमिनेट केलेल्या पक्क्या खुंटीपर्यंत न्या. ती शक्यतो स्टेच्याच रेषेत हवी. कोन बदलला की डेकवर आडवा ताण येतो. काम झाल्यावर स्टे ताणा, डेकवर सरळ पट्टी धरून बघा, आणि पुढचं दार लावून बघा.

वरचं टोकही तितकंच महत्त्वाचं. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत पाच बोटींच्या डोलकाठ्या गेल्या, आपल्या अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया'चीही त्यात होती. त्या बहुतेक लाटांनी बोट उलटवल्यामुळे गेल्या आणि तिथे तारेची जाडी फार मदत करत नाही. पण त्याच शर्यतीचे विजेते, ७३ वर्षांचे ज्यां-ल्युक व्हान डेन हीड, यांची काठी वाचली ती गोष्ट रिगिंगचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. नोव्हेंबरमध्ये दक्षिण पॅसिफिकमध्ये त्यांची बोट आडवी झाली, आणि खालच्या श्राउडांना धरून ठेवणारा जो बोल्ट डोलकाठीतून आरपार जातो, तो काठीची भिंत चिरत खाली सरकला. तार तुटली नव्हती, तारेच्या टोकाचं टर्मिनल तुटलं नव्हतं. ज्या पातळ ॲल्युमिनियमवर सगळं टांगलेलं होतं ते फाटलं. ते पुन्हापुन्हा काठीवर चढले, दोरांनी ती जागा बांधून काढली, शिडं जपून वापरली आणि जानेवारी २०१९ मध्ये पहिले आले. तुमच्या काठीवर आतल्या स्टेसाठी नवीन टँग (तार काठीला जोडणारी पट्टी) बसवाल तेव्हा भोकाभोवती आतून-बाहेरून भरपूर प्लेट हवी, आणि बोल्टाभोवती काठी चिरडू नये म्हणून आतून नळी हवी. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये गंज थांबवणारी पेस्ट किंवा प्लॅस्टिकचा थर विसरू नका.

आता तारेची जाडी. आधी एक गैरसमज काढतो: एक नंबर जाड घेतली की एक नंबर सुरक्षित, असं नाही. ८ मिलिमीटरची १×१९ तार (एकोणीस तंतू एकत्र पिळलेली) मीटरला साधारण ३१५ ग्रॅम भरते, १० ची ४९० च्या आसपास. सगळं रिगिंग मिळून शंभर मीटर धरलं तर सतरा-अठरा किलो वाढतात, आणि त्यातला बराच भाग उंचावर. तेवढ्याने बोट जास्त डोलते. शिवाय जाड तारेला जाड पिन लागते, चेनप्लेटची भोकं वाढवावी लागतात, आणि वाढवलेल्या भोकाभोवती धातू कमी उरतो. सगळ्यात कमकुवत दुवा तारेतून निघून चेनप्लेटमध्ये जातो, जिथे तो दिसत नाही.

हिशोब असा करा. बोट ३० अंश कलल्यावर तिला सरळ करणारा जोर किती, हा आकडा डिझायनरकडून किंवा बोटीच्या वर्गाच्या संघटनेकडून मिळतो. समजा तो ३,६०० किलोग्रॅम-मीटर आहे. बोट त्याहून जास्त कलेल म्हणून दीडपट करा, ५,४००. डोलकाठीच्या मध्यापासून चेनप्लेटपर्यंतचं अंतर समजा १.६ मीटर. भागाकार सुमारे ३,४०० किलो. हा एका बाजूच्या श्राउडांवरचा एकूण ताण. स्प्रेडरची (श्राउडांना काठीपासून दूर धरणाऱ्या आडव्या दांड्यांची) एकच जोडी असेल तर टोकापर्यंत जाणाऱ्या श्राउडच्या वाट्याला त्यातला ४५ टक्के धरतात, म्हणजे १,५०० च्या थोडं वर. लांबच्या पल्ल्यासाठी त्याच्या पावणेतीन ते तीनपट तुटण्याची ताकद हवी: ४,२०० ते ४,६०० किलो. ८ मिलिमीटरची ३१६ प्रतीच्या स्टेनलेसची १×१९ तार साधारण ४,६०० किलोच्या आसपास तुटते. उत्तर ८. खालच्या श्राउडांवरचा एकत्र वाटा याहून मोठा असतो, पण ते पुढे-मागे दोन असतात, त्यामुळे तिथेही बहुधा ८ च येते. फोरस्टे श्राउडएवढी किंवा एक नंबर जाड, आतला स्टे एक नंबर बारीक. हा ढोबळ ताळा आहे. स्प्रेडरच्या दोन जोड्या असतील तर वाटणी बदलते, आणि अंतिम आकडा काठी बनवणाऱ्याच्या तक्त्यावरूनच घ्या. पण ताळा स्वतः केलेला असला की कोणी १० मिलिमीटर गळ्यात मारायला लागलं तर विचारता येतं, का म्हणून?

जुन्या तारा काढल्यावर टर्मिनलांच्या तोंडाशी बारकाईने बघा. तार मधे सहसा तुटत नाही, जिथे ती टर्मिनलमध्ये शिरते तिथे तुटते, आणि बहुतेक वेळा खालच्या, कारण तिथे खारं पाणी साचतं. स्टेनलेसला गंजापासून वाचायला हवा लागते. डेकमधून जाणाऱ्या चेनप्लेटचा सीलंटखाली दडलेला दोन-तीन सेंटिमीटरचा भाग हवेविना असतो, आणि वरून चकचकीत दिसणारी पट्टी तिथे आतून खाल्लेली सापडते. तारा दहा-बारा वर्षांनी बदलायच्या हा रिवाज सगळे पाळतात, पण चेनप्लेट तीस वर्षं कोणी उपसून बघत नाही. डोलकाठी उतरलेली असेल तेव्हा त्या बाहेर काढाच.

डायनिमाबद्दल मी उत्साही आहे, पण जागा बघून. ताकद त्याच जाडीच्या स्टीलपेक्षा जास्त, वजन नगण्य, गाठ-स्प्लाइस स्वतः करता येते. अडचणी तीन. कायम ताणाखाली तो हळूहळू लांबतो, म्हणून तुटण्याच्या ताकदीवर नाही तर या लांबण्यावर जाडी ठरवावी लागते. दीडशे अंशांच्या आतच वितळतो, त्यामुळे घर्षण त्याचा शत्रू. आणि तापमानाचं त्याचं गणित उलटं आहे: थंडीत ॲल्युमिनियमची काठी आखडते आणि डायनिमा किंचित लांबतो, म्हणजे थंड प्रदेशात गेलात की रिगिंग ढिलं. म्हणून फर्लरच्या फॉइलच्या (शीड ज्यात बसतं त्या पोकळ पन्हळीच्या) आतला फोरस्टे मी डायनिमाचा करत नाही, तिथे फॉइल त्याला आतून कुरतडत राहील आणि कळणारही नाही. काढता येणारा आतला स्टे, रनर आणि आणीबाणीचा जोड, या तीन ठिकाणी मात्र तो मला स्टीलपेक्षा आवडतो. त्यावरच्या शिडाचे हँक (शीड स्टेला अडकवणारे आकडे) कापडी पट्ट्यांचे करून घ्या, धातूच्या हँकांनी तो खरवडतो.

ताण किती द्यायचा, याची एक सोपी पद्धत सांगतो. महागड्या मापकाची गरज नाही. १×१९ तारेचा दोन मीटरचा तुकडा एक मिलिमीटर लांबला की त्यावर तुटण्याच्या ताकदीच्या ५ टक्के ताण आलेला असतो. तार बारीक असो की जाड, टक्का तोच. तार हाताने नुसती सरळ केलेली असताना दोन मीटरची घडीची पट्टी एका टोकाला चिकटपट्टीने बांधा, दुसऱ्या टोकाशी तारेवर खूण करा आणि रिगिंग स्क्रू फिरवा. तीन मिलिमीटर सरकलं म्हणजे १५ टक्के. तुमच्यासारख्या बोटीवर टोकाच्या श्राउडांना तेवढं पुरे, बॅकस्टेला १५ ते २०. दोन्ही बाजू आळीपाळीने, थोडं थोडं ताणा आणि दर वेळी शिडाच्या खोबणीला डोळा लावून काठी सरळ आहे ना ते बघा. मग वीस नॉटात बाहेर जा. वाऱ्याआडचे श्राउड हातात लोंबकळत असतील तर परत येऊन थोडं ताणा. आतल्या स्टेला मात्र स्टेसेल लागेल तेव्हाच ताण द्या. तो कायम घट्ट ठेवला तर मोठ्या शिडाचा फोरस्टे सैल पडतो, शीड फुगतं आणि बोट वाऱ्यावर चढेनाशी होते.

फर्लरच्या बाबतीत दोनच गोष्टी. हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) वरच्या स्विव्हेलकडे (फिरत्या जोडाकडे) फोरस्टेशी ८ ते १० अंशांचा कोन करून आला पाहिजे. तो समांतर आला तर शीड गुंडाळताना स्टेभोवती पिळला जातो, आणि मग शीड पूर्ण उघडतही नाही आणि मिटतही नाही. शीड आखूड असेल तर वर वायरचा किंवा डायनिमाचा तुकडा जोडून स्विव्हेल टोकाजवळ न्या. दुसरी गोष्ट: गुंडाळायचा दोर अडकला तर विंचवर (दोर ओढायच्या चरकावर) घेऊन जोर लावू नका. आधी वर बघा. त्या एका ओढीने फॉइल पिळलेले मी पाहिलेत. फोरस्टेच्या दोन्ही टोकांना टॉगल (सगळीकडे वळणारा जोड) हवा हे सांगायची गरज नसावी, पण वरच्या टोकाचा टॉगल गाळलेल्या बोटी अजून सापडतात.

स्टेसेलच्या शीटसाठी श्राउडांच्या आत, केबिनच्या छतावर लहान ट्रॅक लागेल. जागा आधी ठरवून भोकं पाडू नका. शीड चढवा, पुली दोराने तात्पुरती बांधा आणि टेलटेल (शिडावर लावलेले, वाऱ्याचा प्रवाह दाखवणारे धागे) बघा: वरचे आधी फडफडले तर पुली पुढे, खालचे आधी फडफडले तर मागे. मोठी जीब गुंडाळाल तेव्हाही तिची पुली पुढे न्यावी लागते, आणि ती कॉकपिटमधून सरकवता आली तरच रात्री सरकवली जाते.

वाऱ्यामागच्या लांब पल्ल्यांसाठी पुढच्या त्रिकोणाच्या पायाएवढ्या लांबीचा पोल (शीड बाहेर रोखून धरणारी काठी) घ्या आणि त्याला तीन स्वतंत्र दोर लावा: वर उचलणारा, पुढे ओढणारा, मागे ओढणारा. शीट पोलच्या टोकातून मोकळी फिरू द्या. मग वारा वाढला की पोल जागेवर तसाच ठेवून शीड कॉकपिटमधूनच गुंडाळता येतं. पोल सावकाश, उजाडल्यावर उतरवा.

शेवटी वादळी जीब. बहुतेक बोटींवर ती पिशवीतून एकदाही बाहेर आलेली नसते. तुमचं काम पूर्ण झालं की वारा पडलेल्या सकाळी, धक्क्याला बांधलेल्या बोटीवर ती आतल्या स्टेवर चढवा. तिच्या टॅकखाली (इथे टॅक म्हणजे शिडाचा पुढचा खालचा कोपरा) किती लांबीचा पट्टा लागतो ते बघा, म्हणजे लाटा तिच्याखालून जातील. रनर लावा, शीट कुठल्या पुलीतून कुठल्या विंचवर जाते ते पाहा आणि ट्रॅकवर त्या जागी रंगाने ठळक खूण करा. हॅलयार्डवरही जिथे ती पूर्ण चढते तिथे खूण. मग तुमच्यातल्या दुसऱ्याने तेच सगळं एकट्याने, हार्नेस घालून, डोक्याला टॉर्च लावून करून बघावं. जिथे हात अडखळेल तिथला शॅकल, तिथली गाठ किंवा तिथली पुली बदला, आणि त्यानंतरच ट्रॅकचे बोल्ट कायमचे बसवा.